ब्रह्मचारी दोडका

सेवाग्रामचा पत्ता सांगितला की समोरचा माणूस आधी आपल्या सदऱ्याकडे बघतो. सदरा टेरिकॉटचा निघाला की त्याचा चेहरा जरा उतरतो. मग तो चरख्याची चौकशी करतो, मग पहाटेच्या प्रार्थनेची. दोन्हीकडे नकार मिळाला की शेवटचा आधार म्हणून विचारतो, ‘पण भाजी तरी घरचीच असेल?’

गाव तसं चारचौघांसारखं आहे. वर्ध्यापासून सातआठ किलोमीटर. मोठा दवाखाना, मेडिकल कॉलेज, त्यामुळे खाणावळी, झेरॉक्सची दुकानं, भाड्याच्या खोल्या आणि दारावर येणारा भाजीचा ठेला. आम्ही भाजी ठेल्यावरूनच घेतो आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुकट मागतो. पण ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी इथे राहायला आले आणि सगळ्या गावाच्या डोक्यावर जबाबदारी पडली. तारीख नीट बघा. एप्रिलचा शेवटचा दिवस. त्या दिवसांत आम्ही दुपारी खिडकीसुद्धा उघडत नाही. हा मनुष्य उघड्या माळावर संसार थाटायला आला. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाची गल्लत व्हायची, म्हणून १९४० साली सेवाग्राम केलं. पत्रांचा घोळ मिटला आणि पाहुण्यांच्या अपेक्षांचा सुरू झाला.

आश्रमाच्या प्रार्थनेत एकादश व्रतं म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांशी माझं भांडण नाही. अहिंसा, सत्य, अस्तेय ही बसल्या जागी पाळता येण्यासारखी व्रतं आहेत; माणूस जितका कमी हलेल तितकी ती जास्त पाळली जातात. घोळ आहे तो शरीरश्रमाचा. प्रत्येकाने आपल्या भाकरीपुरते तरी हात मळवावेत, हा विचार बोंदारेफ नावाच्या एका रशियन शेतकऱ्याने मांडला. तो टॉलस्टॉयला पटला, टॉलस्टॉयचा गांधीजींना पटला, गांधीजींचा आमच्या घरात बायकोला पटला. एवढ्या लांबून आलेली ही परंपरा माझ्यापाशी येऊन थांबली होती, ती कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हती. पण पुण्याचा भाचा उन्हाळ्यात आला आणि जाताना बियांची पाकिटं ठेवून गेला. ‘मामा, तुमच्याकडे एवढी जागा आहे!’ पुण्याच्या माणसाला जमीन दिसली की तो हळवा होतो. त्याच्याकडे गॅलरीत एका ट्रेमध्ये मेथी उगवते आणि तिचा फोटो निघतो.

मी पाकिटं वाचायला घेतली. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेल्यामुळे बारीक अक्षर दिसलं की मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं. पुढच्या बाजूला चित्र होतं, त्यातली मिरची दागिन्यांच्या जाहिरातीत शोभली असती. मागच्या बाजूला सत्य होतं. मिरचीच्या बियांची किमान उगवण ६० टक्के. टोमॅटो, वांगं ७० टक्के. भेंडी ६५. आपल्याकडे १९६६ सालचा बियाणे कायदा आहे आणि त्याखाली प्रत्येक पिकाचे असे आकडे ठरलेले आहेत. म्हणजे मिरचीच्या शंभरातल्या चाळीस बियांनी काहीच केलं नाही तरी त्या कायद्याने निर्दोष. मला मिरचीबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. आमच्या कार्यालयातही साधारण हेच प्रमाण होतं, फक्त पाकिटावर छापलेलं नव्हतं.

भेंडीच्या बिया गुलाबी निघाल्या. बुरशी लागू नये म्हणून त्यांना औषध चोळलेलं असतं आणि पाकिटावर विषाची खूण असते. खाण्यासाठी जे लावायचं त्याची सुरुवात विषाच्या खुणेने. त्यापेक्षा आमच्या जिल्ह्यातली वायगावची हळद बरी. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिला बी पेरायचंच नसतं. कंद पुरायचा आणि विसरून जायचं. पण भाच्याने हळद दिली नव्हती.

आता जमीन. ‘काळी कसदार’ असं तिचं वर्णन पुस्तकांत असतं, ते पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तिच्यात कधी खुरपं घातलेलं नसल्यामुळे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की ही माती आकसते आणि तिला भेगा पडतात. साध्यासुध्या नाहीत, घराची किल्ली हातातून सुटली तर कुलूप बदलावं लागेल अशा. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि चप्पल मागून घेते. तिच्यातल्या चिकणमातीचा हा स्वभाव आहे, पाणी प्यायली की फुगायचं, वाळली की आखडायचं. वरची माती भेगांत पडते, खालची वर येते, म्हणून तिला स्वतःच स्वतःला नांगरणारी जमीन म्हणतात. हे वाचल्यावर मी फावडं खाली ठेवलं. जी जमीन स्वतःचं काम स्वतः करते तिच्या स्वावलंबनात ढवळाढवळ करणं मला पटेना. बायकोने फावडं पुन्हा हातात दिलं.

सेवाग्रामात सल्ल्याला तोटा नाही. इतरत्र परसबागेत माणूस चुकला तर चुकला. इथे त्याच्या मागे इतिहास उभा असतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करत शिकण्याची नई तालीम त्यातून निघाली. सेवाग्रामच्या नई तालीमच्या आवारात आता आनंद निकेतन शाळा आहे. तिथली मुलं वाफे आखतात, बी लावतात, स्वयंपाक करतात आणि सगळ्याचा हिशेब लिहितात. शेजारच्या आजींचा नातू त्या शाळेत जातो. मी मृगाच्या पहिल्या पावसावर पेरणी करून हात धुतो न धुतो तोच हा कुंपणावर हजर. ‘आजोबा, दोन ओळींत अंतर किती ठेवलं?’ मी म्हटलं, ‘भरपूर.’ त्याने खिशातून टेप काढली. पुढच्या आठवड्यात आला तो थेट विचारायला, ‘उगवण किती टक्के आली?’ आमच्या ऑडिटवाल्यांनासुद्धा चहा दिला की ते जरा सैल पडत. हा चहा घेत नाही.

दुसरे सल्लागार नैसर्गिक शेतीवाले. त्यांनी जीवामृताचा कागद दिला. एकरी २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. बेसनाचा आकडा ऐकून घरात वातावरण तंग झालं. मी हिशेबाला बसलो. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आमची बाग दहा बाय दहा. त्रैराशिक मांडलं तर वाट्याला आलं अर्धा लिटरला थोडं कमी पाणी, तेवीस ग्रॅम शेण आणि साडेचार ग्रॅम बेसन, म्हणजे जेमतेम चमचाभर. मूठभर मातीचा ४३५वा हिस्सा काढणं मला जमलं नाही. चमचाभर बेसन वाटीत घेऊन मी अंगणात निघालो तेव्हा आजींनी विचारलं, ‘अजी भाऊ, झुणका कोणासाठी करून राहिले?’

तिसरे एक वयोवृद्ध सर्वोदयी. ते सल्ला देत नाहीत, पवनारची गोष्ट सांगतात. १९५०च्या सुमारास विनोबांनी तिथे ऋषिशेती मांडली. बैल नाहीत, कुदळ-फावडी आणि माणसांचे हात. विहिरीचा रहाटही माणसांनीच फिरवायचा. आश्रमाचा व्यवहार पैशापासून सोडवायचा, त्याचं नाव कांचनमुक्ती. गोष्ट संपली की ते माझ्या झारीकडे बघतात. झारी प्लास्टिकची आहे.

बी पेरल्यापासून ते उगवेपर्यंतचा काळ मला मनापासून आवडला. बाग केल्याचं समाधान असतं आणि बाग नसते. सांभाराचा धणा म्हणजे खरं तर दोन बियांची जोडी. हलक्या हाताने रगडून ती सोडवायची आणि मग पेरायची. मी रगडली. मुंग्यांना आख्ख्यापेक्षा अर्धे धणे न्यायला सोपे जातात, हे त्यांच्या रांगेवरून कळलं. मिरचीची रोपं उगवली, ६० टक्क्यांचा शब्द तिने पाळला, आणि एका ओल्या आठवड्यात मातीलगत मान टाकून आडवी झाली. याला मर म्हणतात. जास्त पाणी, कोंदट हवा, मातीतली बुरशी. म्हणजे जो मन लावून पाणी घालतो त्याच्याच रोपांना मर येते. श्रमाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा मुद्दा कधी विचारात घेतलेला दिसत नाही.

गाजरं उगवली नाहीत. त्यांच्याबद्दल एवढंच.

पण वाफे रिकामे नव्हते. पाऊस धरला तसं सगळीकडे काही ना काही वर येऊ लागलं. पहिली दोन पानं सगळ्यांची सारखीच गोड दिसतात; त्यांतलं आपलं कोण आणि उपरं कोण हे कळायला मार्ग नाही. निंदण करायचा लकडा लागला तेव्हा मी अहिंसेचा आधार घेतला. ओळख पटल्याशिवाय कुणाला उपटायचं नाही. बायको म्हणाली, ही अहिंसा नाही, आळस आहे. असेल. तत्त्व आणि सोय एकाच दिशेला निघाली की माणसाने त्यांना अडवू नये.

अहिंसेची खरी कसोटी गोगलगायींनी घेतली. श्रावणात त्या रात्री येतात आणि सकाळी पानांच्या जागी जाळी ठेवतात. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘सोपं आहे मामा. वाटीत बियर ओतून मातीत बसवा. वासाने येतात आणि बुडतात.’ मी त्याला शांतपणे सांगितलं की वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. पलीकडे जरा वेळ शांतता. ‘गोगलगायींसाठी पण?’ कायद्यात अपवाद असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शिवाय सेवाग्रामात रात्री अंगणात बियरची वाटी ठेवलेला मनुष्य सकाळी कोणत्या तोंडाने सांगणार, की ती गोगलगायींची आहे?

माव्यावर मात्र गावातच इलाज होता. निंबोळ्यांचा इथे सडा पडतो. त्या कुटून भिजवायच्या, गाळून फवारायच्या. कडुनिंबाशी सेवाग्रामचं जुनं नातं आहे. आश्रमातले भणसाळी कच्चं पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन राहत. त्याच देहाने त्यांनी पुढे ब्रिटिश राजवटीतल्या चिमूरच्या अत्याचारांविरुद्ध दीर्घ उपोषण केलं. मी अर्क फवारताना एक थेंब ओठावर उडाला. भणसाळींविषयीचा आदर एकदम वाढला; मावा मात्र दोन पानं पलीकडे सरकून बसला.

अस्तेय हे व्रत वानरांना कुणी सांगितलेलं नाही. ती टोळीने येतात, कोवळा शेंडा तोडतात, एक घास खाऊन टाकतात आणि पुढच्या झाडाकडे वळतात. पोटासाठी चोरी करणाऱ्याला माफ करता येतं. ही नुसती चव बघतात. सर्वत्र भयवर्जन या व्रताची वेळही आली. वेलीच्या बुडाशी काहीतरी सळसळलं. बापूकुटीत साप धरायचा लांब दांड्याचा चिमटा आणि ठेवायची पेटी अजून दाखवतात. साप मारायचा नाही, धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा. तो चिमटा मी अनेकदा पाहिलेला आहे. आपल्या घरी तो नाही, एवढंच त्या क्षणी आठवलं. बेडूक निघाला.

स्वदेशीचं तर नावच काढू नये. भेदरं म्हणजे टोमॅटो, मिरची, आलू, कोहळं म्हणजे आमच्याकडचा लाल भोपळा, सगळी मूळची अमेरिकेकडची. पोर्तुगीज आणि त्यांच्यासारखे दर्यावर्दी इकडे आले तेव्हा कुठे आपल्या वरणात मिरची पडली. स्वदेशीचा आग्रह धरला तर माझ्या बागेत उरतात वांगं आणि दोडका. वांगं गोगलगायींनी नेलं. दोडक्याची गोष्ट वेगळी.

दोडक्याने मला चकवलं. उगवला, तारेवर चढला, आणि एका संध्याकाळी पिवळ्या फुलांनी भरून गेला. मी भाच्याला फोटो पाठवला. रोज फुलं येत, रोज गळत. दोडका एकही नाही. आजींनी एक फेरी मारली आणि निकाल दिला, ‘सारे नर हाये जी.’ वेलवर्गात हीच रीत असते. आधी नरफुलांची वरात निघते, मादीफुलं मागून आपल्या सवडीने येतात. मादीफुलाची खूण सोपी, त्याच्या मागे बोटभर दोडका आधीपासून असतो. तोवर आमच्या वेलीने एक व्रत परिपूर्ण पाळलं, आणि ते पाळायला मी तिला सांगितलेलंही नव्हतं.

पुढे मादीफुलं आली, पण नेमकी पावसाची झड लागली. पतंग, किडे उडेनात आणि बोटभर दोडके पिवळे पडून गळायला लागले. हाताने परागीकरण करा, असं पुस्तकात होतं. नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि आतला पराग मादीफुलाला हळुवार टेकवायचा. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं, तेव्हा कुणी बघत नाही. दोडक्याचं उमलतं संध्याकाळी. आणि आमच्या फाटकावरून संध्याकाळी सायंप्रार्थनेला जाणारी मंडळी जातात. मी चष्मा सावरून, एका हातात फूल धरून दुसऱ्या फुलाशी वाकलेला, तोच ते वयोवृद्ध सर्वोदयी समोर उभे. ‘काय चाललंय?’ त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. सत्य हेही व्रतच आहे. त्यांनी एकवार वेलीकडे पाहिलं, एकवार माझ्या वयाकडे, आणि काही न बोलता चालू लागले.

दोडके मात्र आले. आणि आले ते सगळ्या आळीत एकदम. मी पिशवी घेऊन उजवीकडे गेलो तर तिकडून पिशवी घेऊन माणूस निघालेला. असंग्रहाचं व्रत दोडक्याच्या हंगामात आपोआप पाळलं जातं. घेणाराच उरत नाही. घरात दोडक्याची भाजी, दोडक्याच्या शिरांची चटणी, डाळ-दोडका असा क्रम लागला. अस्वाद व्रताची मी फार जवळून ओळख करून घेतली. गांधीजींच्या साबरमतीच्या आश्रमातसुद्धा एका हंगामात कोहळी इतकी पिकली म्हणे, की रोज उकडलेलं बिनमसाल्याचं कोहळं खाऊन मंडळी रडकुंडीला आली आणि कुणीतरी त्यावर गाणंच रचलं, अशी आठवण इथे सांगतात. गाणं रचण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं.

कोहळं म्हटलं की मोरीमागची हकिगत सांगायला हवी. ते मी लावलेलं नाही. भांड्यांच्या पाण्याबरोबर कधीतरी बी गेलं असेल. त्याला ना जीवामृत, ना टेप, ना ६० टक्क्यांची हमी. ते मोरीच्या पाण्यावर उठलं, भिंत चढलं, कुंपण ओलांडलं आणि आजींच्या न्हाणीघराच्या टिनावर जाऊन त्याने एक दणदणीत फळ धरलं. मूळ आमच्याकडे, फळ त्यांच्याकडे. अस्तेयाचा नियम अशा ठिकाणी काय सांगतो? आजींचं म्हणणं, ‘टिन वाकून राहिलं, त्याचं भाडं कोण देते?’ नातू म्हणाला, ‘दोन्ही बाजूंनी अंतर मोजू.’

प्रकरण चिघळलं असतं, पण महालक्ष्म्या आल्या. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात आणि त्या दिवशी बाजारात भावाला धरबंध नसतो. आदल्या दिवशी आजी विळा आणि टोपली घेऊन फाटकातून आत आल्या. मला वाटलं, शेवटी कुणीतरी माझं निंदण करायला आलं. त्या वाकून भराभर कापायला लागल्या. तरोटा. घोळ. कुंजर. माठ. मी अहिंसेच्या नावाखाली राखून ठेवलेली सगळी उपरी मंडळी टोपलीत जाऊन बसली. ‘हे खातात?’ मी विचारलं. ‘मंग काय पाहत बसतेत?’ 

मला एकदम धीर आला. सेवाग्रामला येण्याआधी, १९३५ साली, वर्ध्याच्या मगनवाडीत असताना गांधीजींनी स्वतः हिरव्या पाल्याच्या गुणांबद्दल ‘हरिजन’मध्ये लिहिलेलं आहे. मी आजींना ते सांगायला सुरुवात केली. त्या तोवर दोडक्यांपाशी पोचल्या होत्या. चार दोडके घेतले, टिनावरून कोहळं उतरवलं, बोटांवर मोजणी केली. सोळातल्या सहा माझ्या अंगणातल्या निघाल्या. नातवाने वहीत लिहून घेतलं आणि समोर रकाना पाडला, ‘पेरलेल्या’. त्यात एक दोडका पडला.

दुसऱ्या दिवशी ताट आलं. सोळा भाज्यांची एक भाजी, अंबील, आणि कोहळ्याचे बोंडं. बोंडं अजून गरम होती. मी दुसऱ्याला हात घालत असताना आजी दारात उभ्या राहून बागेकडे बघत होत्या.

‘भाऊ, एक सांगू का?’ त्या म्हणाल्या. ‘पुढच्या साली काही पेरू नका बाप्पा. उगाच जागा अडते.’